मालवणच्या पाण्यात नेलेला दिवा

मालवणला मी प्रथम गेलो तो १९८५ साली, बदलीचा हुकूम खिशात घालून. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा होऊन तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. आमच्या शाखेच्या मागील खिडकीतून समुद्र दिसे आणि त्यात आडवा पहुडलेला सिंधुदुर्ग किल्ला दिसे. तीन वर्षे हा देखावा रोज पाहिला. घोट्याहून अधिक पाण्यात मात्र एकदाही उतरलो नाही. त्याच समुद्राच्या तळाशी वयाच्या पासष्टाव्या वर्षी वाळूवर गुडघे टेकून बसण्याचा योग येईल, आणि तोही एका कर्जप्रकरणाच्या पाहणीसाठी, असे त्या वेळी कोणी सांगितले असते, तर मी त्याला शाखेतला चहा पाजून सन्मानाने परत पाठवले असते.

कर्जदार म्हणजे माझी पुतणी. सांगलीला अभियांत्रिकीची पदवी, पुण्यात दोन वर्षे नोकरी, आणि मग एके दिवशी नोकरी सोडून ती समुद्रात बुडी मारायला शिकली. गेली चार वर्षे तारकर्लीला राहते. पर्यटकांना पाण्याखाली नेऊन सुखरूप वर आणणे हे तिचे रोजचे काम. त्यातून उरलेल्या वेळात पाण्याखालचे छायाचित्रण. तिची छायाचित्रे पर्यटक घेतात, काही सागरी जीवांचे अभ्यासकही ओळख पटवण्यासाठी घेतात. तिच्यापाशी एक जुना कॅमेरा आणि एकच फ्लॅश होता. कॅमेऱ्याचे नवे हाउसिंग, म्हणजे कॅमेरा पाण्यात कोरडा ठेवणारी पेटी, आणि दोन चांगले फ्लॅश यांसाठी तिला सव्वातीन लाख रुपये हवे होते. एक पतसंस्था कर्ज द्यायला तयार होती, जामीनदार दोन हवे होते. एक मी झालो. दुसरे तिचे वडील, माझे धाकटे बंधू, सांगलीच्या बाजारात हळदीची अडत चालवतात. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि पेन खाली ठेवले.

अडचण पैशांची नव्हती. ते मला म्हणाले, “अण्णा, माशाला पापणी नसते म्हणतात. त्याच्या तोंडासमोर वीज पाडायची आणि त्याचे पैसे घ्यायचे, हा कसला व्यवसाय? जीवाला त्रास देऊन आलेला पैसा आपल्या घरात कशाला? तुम्ही एकदा जाऊन पाहून या. तुम्ही सांगाल तसे करू.”

कर्ज मंजूर करण्यापूर्वी जागेवर जाऊन पाहणी करावी, हे मी बँकेत चौतीस वर्षे केले. हळदीची पेवे पाहिली, यंत्रमाग पाहिले, न दिलेल्या कर्जावर न घेतलेल्या म्हशीसुद्धा पाहिल्या. समुद्राचा तळ ही पहिलीच जागा. डॉक्टरांकडून हृदय, फुप्फुसे आणि कान तपासून घेतले, प्रमाणपत्र घेतले आणि डिसेंबरमध्ये निघालो.

सांगलीहून पहाटे चारला गाडी काढली. कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर मागे टाकून फोंडा घाटाच्या तोंडाशी आलो तेव्हा धुके इतके दाट होते की कठडा दिसेना. चालकाने सवयीने मोठा दिवा लावला आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. तो “चुकलंच” म्हणाला, मोठा दिवा बंद केला आणि बंपरखाली दोन टोकांना बसवलेले ठेंगणे पिवळे दिवे लावले. लगेच रस्त्याची कड दिसू लागली. हा किरकोळ प्रसंग सांगण्याचे कारण पुढे येईल.

मालवणात शाकाहारी माणसाची, त्यातही कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्याची, थोडी पंचाईत होते. १९८५ साली मी वरण-भात स्वतः शिजवून तीन वर्षे काढली होती. पुतणी तारकर्लीला ज्या घरी राहते तेथील काकूंनी मात्र घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ कांदा-लसणावाचून केली आणि दिवस मावळण्यापूर्वी ताट मांडले. मी आश्चर्य व्यक्त केले तेव्हा त्या म्हणाल्या, “चार वर्षां झाली, आता माका सवय झाली.” हे वाक्य मी मनात टिपून ठेवले. सांगलीला ते उपयोगी पडणार होते.

मालवणचे पाणी निळे नाही. उत्तरेला कोळंबची खाडी, दक्षिणेला देवबागपाशी कर्ली नदीचे मुख; दोन्हीकडून गाळ येतो. पावसाळ्यात तर बुडी मारणे बंदच असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी बऱ्यापैकी निवळते, तरी त्यातही रोजचा चढउतार आहे. ओहोटीला खाडीचे गढूळ पाणी बाहेर पडते, म्हणून भरती पाहून उतरायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तळ ढवळून निघतो, म्हणून भांगाचे दिवस बरे. आमच्या होडीचा तांडेल सत्तरीचा होता. त्याने काठावरून पाण्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, “आज पाणी साफ आसा.” पुतणी मला हळूच म्हणाली, “साफ म्हणजे काका, चार-पाच मीटर दिसेल. अंदमानात यालाच गढूळ म्हणतात.”

सिंधुदुर्ग किल्ला महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात बांधून घेतला. त्याच्या तटाभोवती खडप पसरलेली आहे आणि त्या खडपीवर प्रवाळ वाढले आहे. हा सारा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, त्या मी नोकरीत असताना पाहुण्यांना हौसेने दाखवत असे. तटाच्या बाहेर, त्याच दगडांच्या पायाशी काय आहे, हे मला ठाऊक नव्हते आणि पाहुण्यांनीही कधी विचारले नाही.

आदल्या दिवशी तलावात श्वास घ्यायला, मुखवट्यात शिरलेले पाणी काढायला आणि कान मोकळे करायला शिकलो होतो. पाण्यात बोलता येत नाही, हातांच्या खुणांवर काम चालते. अंगठा आणि तर्जनी जुळवली की ‘ठीक’. अंगठा वर केला तर ‘शाबास’ नव्हे, ‘वर चला’. पहिल्या दिवशी मी पुतणीला कौतुकाने अंगठा दाखवला आणि तिने मला तातडीने वर आणले. नवख्या माणसाने हातात कॅमेरा घ्यायचा नाही असा तिचा नियम. मला दुसरा एक प्रशिक्षक पाठीवरच्या टाकीला धरून नेत होता आणि ती दोन हात पुढे कॅमेरा घेऊन जात होती. माझे काम फक्त पाहण्याचे.

होडीवर असताना त्या प्रशिक्षकाच्या कमरेचा शिशाच्या वजनांचा पट्टा मी पाहिला होता. कुंकवासारखा लाल. खाली वाळूवर टेकलो तेव्हा मनगटावरचे यंत्र सहा मीटर दाखवत होते आणि तोच पट्टा जुन्या सुपारीसारखा तपकिरी झाला होता. मला वाटले, डोळ्यांवर ताण आला असेल. आसपास सारेच हिरवट करडे होते: खडक, वाळू, माझे स्वतःचे हात. पुतणी एका कपारीपाशी गेली. तेथे मला चिखलाच्या थराखेरीज काही दिसत नव्हते. तिने कॅमेरा त्या थरापासून वीतभर अंतरावर नेला, श्वास सोडून स्थिर झाली आणि फ्लॅश उडाला. त्या निमिषात चिखल नाहीसा झाला आणि तेथे शेंदरी लाल रंगाचा स्पंज उभा राहिला, त्याच्या कडेला पिवळे ठिपके. पुढच्या क्षणी पुन्हा चिखल. मी डोळे चोळायला हात वर नेला आणि तो काचेवर आपटला.

संध्याकाळी तिने समजावले ते असे. पाणी प्रकाशातून कपात करत असते आणि कपातीचा पहिला हप्ता लाल रंगाचा असतो. पाच मीटर खोलीपर्यंत लाल बराचसा संपतो. मग नारिंगी जातो, मग पिवळा. खुल्या स्वच्छ समुद्रात शेवटी निळा उरतो; किनाऱ्याजवळ गाळ आणि सूक्ष्म वनस्पती निळाही खातात, म्हणून मालवणला हिरवा उरतो. लाल स्पंज सहा मीटरवरही लालच असतो, पण त्याच्यावर पडायला लाल प्रकाशच पोहोचत नाही. फ्लॅश तेथे पूर्ण रंगांचा उजेड नेतो. हवेत आपण फ्लॅश अंधार आहे म्हणून वापरतो. पाण्यात भर दुपारी, लख्ख ऊन असतानाही तो लागतो, कारण उजेड असला तरी त्यातले रंग वाटेत वजा झालेले असतात.

परंतु फ्लॅशचा उजेडही पाण्यातूनच जातो, तेव्हा त्यालाही कपात चुकत नाही. आणि ती दुहेरी: जातानाची वेगळी, वस्तूवरून भिंगाकडे परत येतानाची वेगळी. वस्तू अर्ध्या मीटरवर असेल तर उजेडाला एक मीटर पाणी ओलांडावे लागते. दोन मीटरवर असेल तर चार मीटर. मग लाल पुन्हा गेलाच. शिवाय अंतर निम्मे केले की उजेड चौपट पडतो हा फ्लॅशचा जुना नियम आहे. म्हणून फ्लॅश कितीही मोठा घेतला तरी दूरचा मासा उजळत नाही, मधले पाणी तेवढे उजळते. आमच्या काळी लग्नात छायाचित्रकार मंडपाच्या टोकाला उभा राहून फ्लॅश उडवी आणि नवरा-नवरी काळी व पुढच्या रांगेतले टक्कल पांढरे येई, त्यातलाच हा प्रकार. मालवणच्या पाण्यात फ्लॅशचा खरा उपयोग वीतभर ते हातभर अंतरावर होतो. म्हणजे जवळ जावे लागते. मासा असो, गोगलगाय असो, तिने पळून न जाता आपल्याला इतके जवळ येऊ दिले पाहिजे. माझ्या बंधूंची शंका नेमकी इथे येऊन उभी राहते, तिच्याकडे वळतोच.

त्याआधी एक वाईट छायाचित्र. तिने संगणकावर चार वर्षांपूर्वीचे, शिकाऊ काळातले एक छायाचित्र उघडले. मधोमध एक पट्टेदार मासा आणि त्याच्यापुढे असंख्य पांढरे ठिपके, जणू बर्फ पडतो आहे. “हा बॅकस्कॅटर, काका. पाण्यात तरंगणारा गाळ. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरच होता, त्यामुळे भिंगासमोरचा कणन् कण उजळला.” मला फोंडा घाटातली पांढरी भिंत आठवली. मी ती सांगितली तेव्हा ती हसून म्हणाली, “मग तुम्हाला शिकवायचं काही उरलंच नाही.” धुक्यातल्या दिव्यांसारखाच येथेही उपाय दिवा बाजूला नेण्याचा आहे. फ्लॅश कॅमेऱ्यावर न ठेवता दोन्ही बाजूंना लांब सांध्यांच्या दांड्यांवर बसवायचे, भिंगाच्या किंचित मागे ठेवायचे आणि तोंडे थोडी बाहेरच्या बाजूला वळवायची. उजेडाच्या झोताचा मधला भाग वस्तूवर न टाकता त्याची कड तेवढी टाकायची. असे केले की वस्तू उजळते आणि तिच्या व भिंगाच्या मधले पाणी अंधारात राहते. गाळ तेथेच असतो, फक्त त्याच्यावर उजेड पडत नाही.

यात नवख्यांची एक चूक ठरलेली. मुखवट्याच्या सपाट काचेतून पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊण अंतरावर आणि सुमारे एक-तृतीयांशाने मोठी दिसते. मासा जेथे दिसतो तेथे फ्लॅशचा रोख धरला तर उजेड त्याच्या अलीकडेच पडतो आणि नेमके नको तेच पाणी उजळते. म्हणून दिसतो त्याच्या पलीकडे रोखायचे. मी स्वतः पाण्यात खडक धरायला गेलो तेव्हा हात चार बोटे अलीकडेच मिटला होता, त्यामुळे हे पटायला वेळ लागला नाही.

दोन फ्लॅश कशाला, एकात भागणार नाही का, हा माझा पुढचा प्रश्न. प्रस्तावातली रक्कम कमी करून पाहणे ही आमची जात. तिने एका फ्लॅशने काढलेली काही छायाचित्रे दाखवली. लहान गोगलगाय एका फ्लॅशने चांगली येते. पण टोपलीएवढे प्रवाळ घेतले की त्याची एक बाजू रंगीत आणि दुसरी काळी ठार. दुसरा फ्लॅश थोड्या कमी ताकदीवर ठेवून ती सावली भरून काढावी लागते. अभ्यासकांना प्रवाळाची दुसरी बाजूही पाहायची असते, आणि स्पंज वा गोगलगाय यांची ओळख पटवताना रंगावर बरेच अवलंबून असते. हे मान्य केले.

हिशेबाची एक गोष्ट मला विशेष आवडली. पाण्याखालच्या छायाचित्रात दोन खाती वेगळी चालतात. मागच्या हिरव्या पाण्याची छटा शटर किती वेळ उघडे राहते यावर ठरते. पुढची वस्तू फ्लॅशने उजळते आणि फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास आटोपतो, त्यामुळे शटरच्या मुदतीशी त्याला देणेघेणे नाही. त्याचे खाते ताकदीवर आणि अंतरावर चालते. भिंगाचे छिद्र तेवढे दोन्ही खात्यांना लागू. शटर मंद केले की पाणी हिरवे-उजळ येते, जलद केले की रात्रीसारखे काळे. पुतणी म्हणाली की बरेच जण मागचे पाणी काळे करतात, ते रुबाबदार दिसते आणि गाळही झाकतो. ती मात्र शक्यतो हिरवे ठेवते, कारण मालवणचे पाणी हिरवे आहे.

हा खटाटोप आजचा नव्हे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बान्यूल्स येथे लुई बूताँ या जीवशास्त्रज्ञाने १८९३ साली पाण्याखाली छायाचित्रे घेतली, तेव्हा उजेडासाठी मॅग्नेशियमची पूड ज्योतीवर उडवण्याची सोय त्याने एका पिंपावर केली होती. पुढे १९२६ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाजवळ विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी माशाचे रंगीत छायाचित्र पाण्याखाली काढले. त्यांनी मॅग्नेशियमची पूड तराफ्यावर ठेवून पेटवली होती. या प्रयोगांत ती अवेळी पेटून लाँगली चांगलेच भाजले. नंतर हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेचा फ्लॅश विकसित केला आणि १९५० च्या दशकात कुस्तो यांच्याबरोबर तो समुद्रात नेला. आज तोच फ्लॅश मूठभर आकारात चार पेन्सिल सेलवर चालतो आणि कॅमेऱ्याशी तो काचतंतूच्या दोरीने जोडलेला असतो. आतला छोटा फ्लॅश लुकलुकला की त्या उजेडाच्या इशाऱ्यावर बाहेरचा उडतो. विजेची तार पाण्यातून न्यावी लागत नाही.

रात्री तिची पूर्वतयारी पाहिली. हाउसिंगचे आणि फ्लॅशचे प्रत्येक झाकण रबराच्या एका बारीक कड्यावर, ओ-रिंगवर, पाणी अडवते. त्या कड्यावर एक केस जरी आला तरी पाणी आत शिरते आणि लाखाचा माल क्षणात भंगार होतो. ती प्रत्येक कडे काढून उजेडात फिरवून पाहते, बोटाने चाचपते, सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात देते आणि बसवते. मग मला म्हणाली, “आता तुम्ही पाहा. दुसऱ्या माणसाने पाहिल्याशिवाय मी पेटी बंद करत नाही.” बँकेची तिजोरीही दोन माणसांच्या दोन किल्ल्यांवाचून उघडत नसे. तिला हे कोणी शिकवले ते मी विचारले नाही. घरात माझ्या तोंडून तिजोरीच्या गोष्टी तिने लहानपणी पुष्कळ ऐकल्या आहेत.

आता माशाच्या डोळ्याचे. बंधूंचे म्हणणे निराधार नाही. माशांना आपल्यासारखी पापणी नसते, आणि बहुतेक माशांची बाहुलीही आपल्यासारखी चटकन आकुंचन पावत नाही. मी पुतणीला सरळ विचारले. तिने राग धरला नाही. हा प्रश्न तिने स्वतःला आधीच घातला होता. ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास तिने काढून दिला. समुद्रघोडे आणि तळाशी राहणारे इतर काही मासे त्यांनी तपासले. फ्लॅशने माशांवर होणारा परिणाम हा नुसता माणूस जवळ आल्याने होणाऱ्या परिणामाहून अधिक आढळला नाही. समुद्रघोड्यांच्या डोळ्यांच्या पडद्यालाही इजा दिसली नाही. मात्र चांगल्या छायाचित्रासाठी प्राण्याला बोटाने वा काठीने हलवले तेव्हा तो स्पष्टपणे त्रासला. मी अभ्यास दोनदा वाचला. थोड्या जातींवरचा निष्कर्ष साऱ्या समुद्राला लागू करणे हे एका गावची थकबाकी पाहून जिल्ह्याचा ताळेबंद मांडण्यासारखे होईल, असे मी तिला म्हणालो. ती म्हणाली, “म्हणूनच मी नियम केलेत.” एका जीवावर तीनपेक्षा अधिक वेळा फ्लॅश नाही. झोपलेल्या माशावर नाही. मासा वळून निघाला की पाठलाग नाही. जवळ गेल्यावर फ्लॅशची ताकद खाली, कारण जवळून कमीच पुरते. आणि हात कशालाही लावायचा नाही, खडकालासुद्धा.

नियम सांगणे सोपे असते. कागदावर सर्व कर्जदार नियमित असतात. म्हणून दुसऱ्या दिवशी मी छायाचित्रांपेक्षा तिच्या हातांकडे अधिक पाहिले.

आमच्यापासून थोड्या अंतरावर दुसरी एक होडी लागली होती. तिच्या खाली एका पर्यटकाला माशांच्या घोळक्यात उभे करून चित्रफीत काढण्याचे काम चालले होते. पावाचे तुकडे सोडले की काळ्या उभ्या पट्ट्यांचे मासे चहूबाजूंनी तुटून पडत. दृश्य आकर्षक होते. फ्लॅश तेथे नव्हताच, लहान कॅमेरा आणि वरचे ऊन. पण पर्यटक गृहस्थ उभे होते ते प्रवाळावर. ते हलले तेव्हा त्यांच्या पायाखालून बोटभर लांबीचा एक तुकडा सुटून वाळूत घरंगळला. त्यांना ते कळलेही नसेल. पायात जाड बूट होते. प्रवाळ हा दगड नव्हे, सजीव आहे, आणि वर्षाला किती थोडा वाढतो हे पुतणीने आदल्या रात्रीच सांगितले होते. बंधूंना ज्या दिव्याची भीती होती तो या प्रसंगात कोठेच नव्हता.

नंतर ती एका उभ्या खडकापाशी थांबली. तेथे एक समुद्री गोगलगाय होती, अंगठ्याच्या नखाएवढी, माझ्या नजरेला पांढरट-जांभळी. पुतणीने दोन्ही फ्लॅशच्या दांड्या आत घेतल्या, ताकद कमी केली, जवळ गेली. भरतीचे पाणी वाहत होते. दर लाटेबरोबर ती हातभर मागे-पुढे होत होती. डाव्या हाताने खडकाची एक कड धरली असती तर छायाचित्र एका क्षणात मिळाले असते. त्या कडेवर प्रवाळाची कोवळी, रुपयाएवढी वाढ होती. तिने कड धरली नाही. पुन्हा जवळ गेली, पुन्हा लाटेने मागे आली. मनगटावरच्या घड्याळात मी वेळ पाहत होतो: नऊ मिनिटे. मग प्रशिक्षकाने हवा कमी झाल्याची खूण केली आणि आम्ही वर आलो. होडीत मुखवटा काढून ती एवढेच म्हणाली, “नाही मिळाला.” ती जात तिने मालवणात पहिल्यांदाच पाहिली होती, हे मला तांडेलाकडून कळले.

परतताना किल्ल्याचा तट डावीकडे सरकत होता आणि किनाऱ्यावर माणसे रापण ओढत होती. मला १९८६ च्या काही फायली आठवल्या. नायलॉनची जाळी, यांत्रिक होडी, मुदत पाच वर्षे. त्यांतल्या कितीतरी प्रस्तावांखाली माझी सही आहे. वसुली उत्तम होती आणि त्याबद्दल वरिष्ठांचे कौतुकाचे पत्रही मला आले होते. ते पत्र मी सांगलीला घरी दाखवले, तेव्हा सर्वांना आनंद झाला. धाकट्या बंधूंनी पेढे आणले होते. जाळ्यात काय येते, हे त्या वेळी कोणी विचारले नाही, आणि मीही स्वतःला विचारले नाही. मासेमारांची ती उपजीविका आहे, त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण माझी सही चालली आणि तिचा दिवा अडला, हे मला होडीत बसल्या बसल्या टोचू लागले.

सांगलीला पोहोचलो तेव्हा बंधू दुकान वाढवून घरी आले होते. मी पाहणीचा अहवाल तोंडीच दिला, फक्त एक गोष्ट क्रम मोडून आधी सांगितली, ती जाळ्यांची. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग मी स्पंजाची दोन छायाचित्रे पुढे ठेवली, एक फ्लॅशविना आणि एक फ्लॅशसह. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पाहिली आणि हे वेगवेगळे जीव असावेत अशी शंका घेतली. न मिळालेल्या गोगलगाईचे सांगितले, तेव्हा “नऊ मिनिटे?” एवढेच त्यांनी दोनदा विचारले. काळ्या वाटाण्याच्या उसळीचे वहिनींना सांगितले. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या गादीवर त्यांनी कागद मागवला. सही करण्यापूर्वी फ्लॅशची किंमत विचारली, आयुष्य किती वर्षे धरायचे ते विचारले, दुरुस्ती कोठे होते ते विचारले. हे प्रश्न मी विचारायला हवे होते, त्यातला शेवटचा माझ्याकडून राहिला होता. सही झाली. मग त्यांनी तिला दूरध्वनी केला आणि म्हणाले, “वापरलेला फ्लॅश मिळत असेल तर नवा कशाला? निम्म्यात काम होईल.” पलीकडून तिचा आवाज मला गादीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. जुन्या फ्लॅशची ओ-रिंग कोणी कशी सांभाळली असेल याचा काय भरवसा, असा तिचा मुद्दा होता. तो वाद अजून मिटलेला नाही.